शेषेराव सरवदे यांचा शेंदरी दगड

सुज्ञ वाचकहो, जो मनुष्य आयुष्यभर दगडाला देव मानण्याविरुद्ध बोलत आला, त्याच्यावरच स्वतःच्या घरात दगड पुजल्याचा आरोप कसा आला, त्या आरोपाला पाणीटंचाईची जोड कशी मिळाली आणि अखेरीस गल्लीने कोणता न्याय केला, याचे यथातथ्य कथन पुढे करण्यात येत आहे. कथेत हसण्यासारखे पुष्कळ आहे, हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. तथापि ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो मनुष्य त्या दिवसांत एकदाही हसला नाही, एवढे ध्यानी ठेवून वाचावे, अशी प्रथमच विनंती आहे.

शेषेराव सरवदे हे सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेतून सहायक म्हणून निवृत्त झालेले, सडपातळ, तापट आणि अत्यंत तर्कनिष्ठ गृहस्थ होते. लातूर शहरात ज्या गल्लीत ते राहत, तेथील बुद्धविहाराच्या समितीत त्यांच्या शब्दाला वजन होते. बुद्धपौर्णिमेला अंधश्रद्धेवरील व्याख्यान त्यांच्याखेरीज दुसऱ्या कोणी दिल्याचे कोणाला स्मरत नव्हते. ते व्याख्यान हेच त्यांचे वर्षाचे पीक होते. उरलेले वर्ष ते त्याची मशागत करीत.

या प्रसंगाच्या आदल्या वर्षी पाऊस लांबला, तेव्हा गल्लीतील काही मंडळींनी महादेवाचा गाभारा पाण्याने भरून देव कोंडावयाचे ठरविले होते. शेषेराव तेथे निमंत्रणाशिवाय गेले आणि देवळाच्या पायरीखाली उभे राहून, दगडाला पाणी घालून ढग हलत नसतात, या विषयावर ऊन डोक्यावर येईपर्यंत बोलले. मंडळी कंटाळून घरी गेली. देव कोंडायचा राहिला, पाऊसही यायचा राहिला, आणि दोन्हींचे खापर शेषेरावांच्या माथी फुटले.

पुढे जो उन्हाळा आला, त्याचे वर्णन लातूरकरांपुढे करणे व्यर्थ होय. रेल्वेने माणसे येतात हे सर्वांना ठाऊक होते. रेल्वेने पाणीही येते हे त्या वर्षी समजले. गल्लीतले नळ नुसते भिंतीला शोभा म्हणून उरले. कधीतरी टँकर येई, आणि त्याचा पाइप कोणाच्या पिंपात किती वेळ राहील हे नरसिंग बिडवे ठरवीत. नरसिंग हे एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर. माणसांना रांगेत उभे करणे आणि रांगेतून बाहेर काढणे या दोन्ही विद्या त्यांना अवगत होत्या. गल्लीतल्या बाया भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळत आणि ते पाणी झाडाच्या मुळाशी घालत. त्या काळात कोणाकडे पाहुणा आला, तर तो स्वतःची बाटली बरोबर आणी आणि ती दिसेल अशी हातात धरूनच उंबरा ओलांडी.

अशा दिवसांत शेषेरावांच्या दारात टेम्पो उभा राहिला, आणि त्यातून गाद्यांत गुंडाळलेली काचेची एक पेटी उतरली.

ती पेटी त्यांच्या जावयाची होती. जावई भुजंगराव हैदराबादेस संगणकाच्या कंपनीत होते. कंपनीने त्यांना सहा महिन्यांकरिता परदेशी धाडले, तेव्हा लेक सिंधुही बरोबर निघाली. मागे राहिली ती ही पेटी. तीत समुद्राचे पाणी, खडक आणि त्या खडकांवर जिवंत प्रवाळ होते. भुजंगरावांनी फोनवर सासऱ्यांना सांगितले, "मामा, तुमचा हात प्रयोगशाळेतला हाय. दुसऱ्या कुनाच्या हाती दिलं तर आठ दिवसांत मरतील." जावयाची वस्तू नाकारता येत नाही हे एक, आणि आपला हात प्रयोगशाळेतला आहे हे जावयाने ओळखले हे दुसरे. शेषेरावांनी पेटी बाहेरच्या खोलीत, खिडकीशेजारी ठेवून घेतली.

पत्नी केवळाबाईंनी पेटीभोवती एक प्रदक्षिणा घातली व विचारले, "मासे कुठं हायत ह्याच्यात?"

"मासे नाहीत. प्रवाळ आहे."

"म्हंजे दगड."

"दगड नव्हे. तो प्राणी आहे."

केवळाबाईंनी पुन्हा वाकून पाहिले. मग नवऱ्याकडे पाहिले. संसारात असे प्रसंग पूर्वीही आलेले असल्याने त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

येथे थोडी शास्त्रीय माहिती देणे भाग आहे. पेटीतील इतर प्रवाळ सोशिक होते. वर लावलेल्या निळसर दिव्याच्या प्रकाशावर ते आपला निर्वाह करीत. परंतु मधोमध मुठीएवढा जो नारिंगी गोळा होता, तो मोठा अवघड होता. त्याला प्रकाशाचे काही नव्हते. त्याच्या अंगावर अनेक तोंडे होती आणि प्रत्येक तोंडाला वेगळा घास भरवावा लागे. एका तोंडाला दिलेले शेजारच्याच्या पोटी पोचेल, असा भरवसा नव्हता. जी तोंडे उपाशी राहतील ती आतल्या आत झिजून जात. शिवाय हा प्राणी दिवसाउजेडी तोंडे मिटून बसे, आणि अंधार पडून अन्नाचा वास लागला म्हणजेच उघडे. दुसरी अडचण पाण्याची. लातूरच्या उन्हाळ्यात पेटीतले पाणी रोज तांब्या-दोन तांब्ये वाफ होऊन उडे, पण मीठ काही उडत नाही. ते आतच राहते आणि पाणी खारट होत होत प्राण्यांना असह्य होते. म्हणून उडाले तेवढे शुद्ध गोडे पाणी रोज घालावे लागे. त्यासाठी जावयाने पाणी शुद्ध करण्याचे छोटे यंत्रही धाडले होते. मात्र यंत्रात घालावयास पाणी लागतेच, ते जावयास धाडता आले नव्हते.

पहिले काही दिवस शेषेराव मनातून संतापलेलेच होते. माणसांना चूळ भरायला पाणी नाही आणि आपण हैदराबादेच्या चोचल्यांची सेवा करीत आहोत, असे ते केवळाबाईंना रोज ऐकवीत. पण एका दुपारी जाड पडदे ओढून, लाल बॅटरी लावून ते बसले असता तो गोळा हळूहळू फुगला, आणि त्याच्या सर्वांगातून पिवळीधमक फुले बाहेर आली. त्यांनी ड्रॉपरने कोळंबीचा बारीक तुकडा एका फुलावर सोडला. पाकळ्या मिटल्या. घास आत गेला. शेषेराव जागचे हलले नाहीत. त्या दिवसापासून ते स्वतःची आंघोळ ओल्या फडक्यावर भागवू लागले, आणि वाचलेले पाणी यंत्रात जाऊ लागले.

आता त्यांच्या नित्यक्रमाचे वर्णन वाचकांनी लक्षपूर्वक ऐकावे, कारण पुढील सर्व अनर्थ त्यातूनच झाला. खारे पाणी अंगावर उडून सदरे खराब होत, म्हणून ते उघडे बसत. खांद्यावर पांढरा पंचा असे. लादीवर ओल साचते म्हणून चपला बाहेर काढीत, आणि पेटी ठेंगणी असल्यामुळे खाली पाट घेत. हाताला साबणाचा अंश राहिल्यास प्रवाळ दगावते, म्हणून आधी हात चोळून धूत. मग पडदे, मग लाल बॅटरी, मग वाटीत कोळंबी. पेटीत एक उपद्व्यापी झिंगा राहत असे. तो प्रवाळाच्या तोंडातला घास काढून पळे. त्याच्यापासून संरक्षण म्हणून शेषेराव प्लॅस्टिकच्या बाटलीचा कापलेला वरचा भाग घुमटासारखा त्या गोळ्यावर पालथा घालीत, आणि बुचाच्या भोकातून ड्रॉपरने एकेका तोंडाला भरवीत. कोणते तोंड झाले आणि कोणते राहिले याचा गोंधळ होऊ नये, म्हणून ओठांतल्या ओठांत पुटपुटत.

हे सर्व शास्त्रशुद्ध होते. यात लज्जास्पद असे काहीही नव्हते.

प्रवाळाला भरवले की उरलेले अन्न पाण्यात कुजते, म्हणून मधूनमधून थोडे जुने खारे पाणी काढून नवे मीठ कालवलेले पाणी घालावे लागे. असे एक बादलीभर जुने पाणी शेषेरावांनी एके सकाळी दारापुढच्या नालीत ओतावयास घेतले.

शेजारच्या सुमनबाई त्या वेळी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. पाण्याचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिले. त्या उन्हाळ्यात नालीत बादली ओतण्याचा आवाज गल्ली विसरून गेल्यालाही बरेच दिवस झाले होते.

"भाऊजी," त्या उठून जवळ आल्या, "टाकलाव काय पानी?"

"खारट आहे ते. काही उपयोगाचं नाही."

"आमाला टाकून द्यायचं पानी खारट लागत नस्तं."

सुमनबाईंचे म्हणणे असे पडले की, द्यायचे नसेल तर नाही म्हणावे, पण पाण्याला नावे ठेवू नयेत. शेषेरावांनी खारेपणाची कारणमीमांसा सुरू केली. ती संपण्यापूर्वीच सुमनबाईंनी घरून घागर आणली. अर्धी बादली अजून शिल्लक होती. संतापलेल्या शेषेरावांनी ती सर्व त्यांच्या घागरीत ओतली आणि स्वच्छ शब्दांत बजावले की हे पिऊ नका, कपड्यालाही लावू नका. सुमनबाई ते प्यायल्या नाहीत, त्यांनी ते कपड्यालाही लावले नाही. त्यांनी ते आपल्या परसातल्या कढीपत्त्याला घातले.

दोन-तीन दिवसांत कढीपत्त्याने मान टाकली. आठवडा उलटायच्या आत नुसत्या काड्या राहिल्या.

ज्या पाण्याने झाड जळते ते पाणी साधे नव्हे, हा निष्कर्ष सुमनबाईंनी काढला, आणि त्या पाण्याचे मूळ शोधण्यासाठी दुपारच्या वेळी शेषेरावांच्या खिडकीशी गेल्या. पडद्याला एका कडेला फट होती. आत अंधारात लाल उजेड होता. उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा टाकून, पाटावर मांडी घातलेले शेषेराव सरवदे, पाण्यात बुडविलेल्या शेंदरी दगडापुढे बसले होते, वाटीतून थेंब थेंब नैवेद्य दाखवीत होते आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत होते.

संध्याकाळपर्यंत गल्लीत सर्वांना कळले की शेषेरावांनी देव पाण्यात घातला आहे.

मनातली गोष्ट घडून यावी म्हणून देव पाण्यात घालून बसण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. त्यामुळे शेषेरावांनी देव पाण्यात घातला यापेक्षा तो कशासाठी घातला, यावरच गल्लीत अधिक वाद झाले. त्या दिवसांत कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार, त्यात कोणकोणती गावे जाणार, आणि जिल्ह्याचे दोन झाले तर टंचाईही वाटून घ्यावी लागेल काय, यावरच रोज रणे माजत. शेषेरावांच्या दगडाने तो विषय एका दिवसात मागे पडला. काहींच्या मते सिंधुला मूल व्हावे म्हणून देव घातला होता. एकाने तर उदगीर जिल्हा होऊ नये म्हणून घातला, असे छातीठोक सांगितले. म्हाताऱ्या नागुबाईंचे म्हणणे वेगळेच होते. तो पावसासाठी असेल, त्याला कोणी बोलू नका, आधी पाऊस येऊ द्या, अशी त्यांची समजूतदार सूचना होती.

शेषेरावांच्या कानी हे सर्वांत शेवटी आले. टँकर आला, त्या दिवशी त्यांचे पिंप रांगेतून बाजूला काढून भिंतीला टेकवून ठेवलेले होते.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

नरसिंग पाइप दुसऱ्याच्या पिंपात सोडीत शांतपणे म्हणाले, "सायेब, ज्याच्या घरी देवाला बुडवायला पानी हाय, त्याला पाइप कशाला पायजे?"

"माझ्या घरी देव नाही."

"मंग दगूड हाय. दगडाला पानी घालून ढग हलत नस्तेत, असं कुनीतरी आमाला देवळाम्होरं उन्हात हुबं करून सांगितलं व्हतं."

रांगेतल्या बाया हसल्या. शेषेरावांचे कान लाल झाले. स्वतःचेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, तेही पाइप हातात असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणे यासारखी विटंबना दुसरी नसेल. त्यांनी तेथेच प्रवाळाचे जीवनमान समजावून सांगण्यास आरंभ केला. नरसिंगांनी पाइप पुढच्या पिंपात घातला. ते पिंप भरले, त्याच्या पुढचेही भरले, टँकर निघून गेला, आणि शेषेराव समुद्राच्या तळाशी अन्न कसे मिळते इथपर्यंतच पोहोचले होते.

याहून मोठा आघात दुसऱ्या दिवशी झाला. विहार समितीचे वयोवृद्ध सचिव व्यंकटीकाका दोन सभासदांसह घरी आले. शेजाऱ्यांच्या देवाशी त्यांना कर्तव्य नव्हते. परंतु दीक्षेच्या प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या घरात शेंदरी दगड आहे, ही वार्ता समितीपर्यंत आली होती. व्यंकटीकाका स्वभावाने अतिशय सभ्य होते. त्यांनी आधी प्रकृती विचारली, मग टंचाई, मग नवा जिल्हा. बोलताना त्यांची दृष्टी सारखी पडद्याकडे जात होती. शेवटी खाकरून त्यांनी सांगितले की, यंदा बुद्धपौर्णिमेचे व्याख्यान नव्या रक्ताला द्यावे असा समितीचा विचार चालू आहे.

शेषेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाण्याचे पिंप बाजूला काढले, ते त्यांनी सोसले होते. व्याख्यान काढून घेतले, म्हणजे त्यांच्या जन्माचे प्रमाणपत्रच काढून घेतले. ते ताडकन उठले, त्यांनी पडदे सर्रकन बाजूला सारले आणि भर दुपारच्या उन्हात ती पेटी समितीपुढे उघडी केली.

"पाहा. डोळ्यांनी पाहा. हा देव आहे का?"

समितीने पाहिले. प्रवाळाने उजेड पडताच सगळी तोंडे मिटून घेतली होती. पाण्याच्या मधोमध, शेंदूर थापल्यासारखा नारिंगी, गुळगुळीत, गप्प असा एक गोळा बसलेला होता. रस्त्याकडेच्या कोणत्याही वडाखाली नेऊन ठेवला असता तर संध्याकाळच्या आत त्याला नारळ फुटला असता.

"शेषेराव," व्यंकटीकाका फार दुःखाने म्हणाले, "हे शेंदूर लावल्यागत दिसायलंय."

"तो रंगच आहे त्याचा. जिवंत आहे तो. जेवतो."

"जेवतो."

"हो. त्याला तोंडे आहेत. आत्ता झोपलाय. सगळ्यांपुढे उघडत नाही तो. अंधार लागतो, शांतता लागते. मी रोज भरवतो तेव्हा उघडतो."

हे शब्द बोलून झाल्यावर शेषेरावांच्या ध्यानात आले की, जागृत देवस्थानाचा पुजारी याहून वेगळे काही बोलत नाही. समितीने एकमेकांकडे पाहिले. व्यंकटीकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विश्रांती घ्या असे सांगितले. शेषेरावांना त्या सहानुभूतीचा इतका संताप आला की, मंडळी गेल्यावर त्यांनी जावयाला परदेशी फोन लावला.

जावई भला माणूस होता. त्याने सर्व ऐकून घेतले व म्हणाला, "मामा, इतकं मनाला लावून घेऊ नका. गेलं तर गेलं. आपन दुसरं घेऊ."

"गेलं तर गेलं?" शेषेराव म्हणाले. "तुमच्याच घरचं आहे ना हे, भुजंगराव?" आणि त्यांनी फोन ठेवला. जावयाशी या स्वरात बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. केवळाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला पाणी आणून दिले. त्यांनी ते घोटभर घेतले आणि उरलेले यंत्रात ओतले.

परंतु पेला-पेला पाण्याने काय होणार होते? टँकरची पाळी गेलेली, त्यात ऊन वैशाखाचे. पेटीतले पाणी बोटाबोटाने खाली जाऊ लागले. काचेवर मिठाची पांढरी रेघ उमटली. खारेपणा मोजण्याची नळी शेषेराव पुन्हा पुन्हा बुडवून पाहत, आणि आकडा रोज थोडा वरच दिसे. अखेर एक दिवस त्यांनी पडदे ओढले, कोळंबीचा वास दिला, पण गोळा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी निम्मी तोंडे कशीबशी उघडली आणि घास धरवेना. त्या दिवशी झिंग्यालाही त्यांनी काही म्हटले नाही.

केवळाबाई इतके दिवस गप्प होत्या. त्या दिवशी त्या पाटाशेजारी येऊन बसल्या.

"सिंधुचे बाबा, हे आसं पडद्याआड बसूनच तुमी वाटोळं करून राह्यलाव. लोकान्ला दावा की."

"दाखवलं. समितीला दाखवलं."

"उन्हात दावलं. अंधारात दावा. सगळ्यास्नी एकदाच बलवा, सुमनबाईला बी. मी सांगते बायकांला."

शेषेरावांनी प्रथम नकार दिला. आपण गुन्हा केलेला नाही, मग निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आपल्यावर का, असा त्यांचा मुद्दा होता. केवळाबाईंनी तो मुद्दा पूर्ण होईपर्यंत ऐकला, मग स्वयंपाकासाठी ठेवलेली शेवटची कळशी उचलून आणली आणि ती यंत्राशेजारी ठेवली. उद्याला काय, हे शेषेरावांनी विचारले नाही. ते पाणी शुद्ध होऊन पेटीत गेले. काचेवरची पांढरी रेघ पुन्हा पाण्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गल्ली जमली. बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. सुमनबाई पुढे बसल्या, कारण कढीपत्ता त्यांचा गेला होता. नागुबाईंना भिंतीचा टेका दिला गेला. नरसिंग दाराला पाठ लावून, कंडक्टर उभा राहतो तसे उभे राहिले. व्यंकटीकाका आणि त्यांचे सभासद एका बाजूला, देवाच्या कार्यक्रमाला आलो नाही हे दिसावे अशा बेताने, चपला हातात धरून बसले.

शेषेरावांनी प्रास्ताविक करावयास तोंड उघडले. केवळाबाईंनी दिवा मालवला.

अंधारात कोणीतरी खोकले, एक पोर रडले व त्याला बाहेर नेण्यात आले. लाल बॅटरी लागली. शेषेरावांनी कोळंबीचे पाणी हलकेच पेटीत सोडले आणि वाट पाहू लागले. काही होईना. सुमनबाई कुजबुजल्या, "देव रुसलाय." शेषेरावांनी ते ऐकले आणि दात आवळले. त्यांचे वर्षाचे व्याख्यान, त्यांचे पिंप, जावयाची वस्तू, सगळे त्या मुठीएवढ्या गोळ्यात अडकले होते, आणि तो गोळा गप्प होता.

मग एका कडेला एक पिवळा ठिपका दिसला. ठिपक्याचे फूल झाले. त्याच्या शेजारी दुसरे, मग एकदम पाच-सहा, आणि बघता बघता तो शेंदरी गोळा दिसेनासा होऊन झेंडूचा गुच्छच पाण्यात धरल्यासारखा झाला. शेषेरावांनी ड्रॉपर सोडला. फुलाने घास पकडला, पाकळ्या मिटल्या. दुसऱ्याने पकडला. तेवढ्यात झिंगा आला आणि त्याने तिसऱ्याच्या तोंडातून तुकडा ओढला.

"आगं, नेलं की त्यानं," सुमनबाई ओरडल्या. "हाना त्याला, भाऊजी. लेकराच्या तोंडातलं नेलं."

नागुबाईंनी हात जोडले. शेषेराव अंधारातच गर्जले, "हात खाली घ्या. हा देव नाही. हा प्राणी आहे. याला भूक लागते, तहान लागते, खारं जास्त झालं की हा मरतो. गेले कित्येक दिवस तुम्ही याला मारत आणलंत, आणि मी बोंबलून बोंबलून सांगतोय."

दिवा लागला. नरसिंग दारापासून पुढे आले. ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि त्यांनी काचेतून बराच वेळ पाहिले. उजेडाने फुले हळूहळू मिटत होती.

"सायेब, एक सांगा. हे जित्राब हाय?"

"जित्राबच आहे. हेच तर मी सांगतोय."

"तुमी प्रवाळ म्हनलाव. समुद्राचा तळ म्हनलाव. जित्राब हाय, तानेलंय, असं कवा म्हनलाव?" नरसिंगांचा आवाज चढला. "जनावराचं पानी अडवल्यालं मला घरी कळलं तर मला जेवाय वाढत्याल का? टंचाईत आमी चिमण्यान्ला वाटीत पानी ठिवतो. आन् तुमी मुकं जित्राब घरात तानेलं ठिवून आमाला पाप लावायलाव."

गल्लीचा कल एका क्षणात फिरला. सुमनबाईंनी तर उघडच विचारले की, घरात एवढी तोंडे उपाशी असताना भाऊजींना आमच्याशी वाद घालायला जीव कसा झाला. कढीपत्ता त्या विसरल्या. नागुबाईंनी आपल्या वाट्याची एक कळशी लागलीच देऊ केली. व्यंकटीकाकांनी चपला खाली ठेवल्या, काचेला हात लावून पाहिला आणि सर्वांसमक्ष जाहीर केले की, हा देव नव्हे याची समितीची खात्री पटली आहे, पौर्णिमेचे व्याख्यान शेषेरावच देतील. फक्त यंदा जरा आटोपशीर द्यावे.

शेषेराव ताठ उभे होते. त्यांनी आठवडाभर मनात रचलेले खंडन, दाखले आणि धिक्कार यांपैकी एकाही वाक्याची आता कोणाला गरज नव्हती. ज्या लोकांवर रागावायचे, तेच लोक त्यांच्यावर रागावून, त्यांच्याच प्रवाळाची बाजू घेऊन बोलत होते. असा अन्याय त्यांनी आजवर कधी अनुभवला नव्हता.

टँकर पुढच्या वेळी आला तेव्हा नरसिंगांनी रांगेत प्रथमच एक फरक केला. जनावरांची पाळी माणसांच्या आधी, हा त्यांचा नियम होताच. सुमनबाईंच्या दारातल्या शेळीचे घमेले भरले, मग नरसिंगांनी पाइप उचलला आणि हाक दिली, "सरवदे सायबांचं जित्राब."

शेषेराव स्वच्छ घासलेली घागर घेऊन पुढे झाले. घागर काठोकाठ भरली. त्यांनी ती बाजूला ठेवून आपले पिंप पुढे सरकविले. नरसिंगांनी पायानेच ते पुन्हा भिंतीला टेकविले.

"हे का?" शेषेराव म्हणाले. "प्रकरण मिटलं ना?"

"जित्राबाचं मिटलं. तुमी भरली बादली नालीत वतली, त्येचा दंड अजून ऱ्हायलाय. ह्या खेपेला तुमचा पाइप बंद."

"मीही सजीवच आहे, नरसिंगराव."

"हाव की," नरसिंग पाइप पुढच्या पिंपात सोडीत म्हणाले. "पन त्याला बगा, एवढी तोंडं हायत आन् एक सबुद न्हाई. तुमाला एकच हाय."

येथे ही कथा समाप्त होते. त्या दिवशी शेषेरावांनी घागर डोक्यावर घेतली आणि ते, गल्लीने प्रथमच पाहिले असेल, एक अवाक्षरही न बोलता घरी गेले. ज्या वाचकांनी येथवर सोबत केली, त्यांच्या वेळेबद्दल मनःपूर्वक आभार मानतो. भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे, आणि सरवदे साहेबांस कोणी भेटल्यास त्यांच्यापुढे या प्रसंगाचा उल्लेख कृपया टाळावा.

आपला नम्र,
सिद्धलिंग मडिवाळप्पा खानापुरे, लातूर